सायलेन्सरमधील वेगबंध काढणे (५० सीसी स्कूटर)
युरोपीय संघात मोपेड गटातील ५० सीसी स्कूटरचा वेग ताशी ४५ किमीवर बांधलेला असतो. टू-स्ट्रोक गाडीत हा बांध बऱ्याचदा सायलेन्सरच्या नळीतच सापडतो: तोंडाशी वेल्ड केलेला अरुंद भोकाचा वॉशर, किंवा कडेला जोडलेली, टोकाला बंद अशी आखूड नळी. ही आंधळी नळी दिसते निरुपद्रवी. पण सायलेन्सरच्या फुगीर पोटातून परतून ताजे मिश्रण सिलिंडरात ढकलणाऱ्या दाबलहरी ती विस्कटते. वॉशर कानशीने घासून काढतात. नळी मुळाशी कापून भोक वेल्डिंगने बुजवतात. कार्बोरेटरचा मेन जेट मात्र तोच ठेवला, तर पेट्रोल कमी पडून इंजिन सीझ होऊ शकते. व्हेरिएटर किंवा सीडीआयमध्येही बंध असेल, तर एवढी खटपट करूनही वेग फारसा वाढत नाही. जर्मनीत अशा बदलाने वाहनाची मान्यता संपते आणि मोपेडचा परवानाही अपुरा ठरतो.