तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

वाद्यांचा इतिहास आपण वाजवणाऱ्यांच्या नावाने लिहितो. गाणारे उस्ताद, वाजवणारे पंडित, त्यांना आश्रय देणारे राजे यांची नावे ग्रंथांत येतात. वाद्य घडवणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच येते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा विसर आम्हां मुसलमानांना अधिक बोचायला हवा, कारण इथे सतार-तंबोरा घडवणारे हात बहुतांशी आमच्याच समाजाचे आहेत.

आम्ही नागपूरकर. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि दुपारची हवा इतकी सुकते की आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. ऑगस्टमध्ये तीच 80 च्या वर चढते. अशा गावात माणूस कसाबसा तग धरतो; लाकडी वाद्याला ते सोपे नाही. हल्ली उर्दू शाळेतल्या मुलांच्या घरीही गिटार दिसते. उन्हाळ्यात तिची पुढची पातळ फळी तडकली की मुले म्हणतात, "सर, माल खराब निघाला." दोष कधी मालाचा असतोही, पण पुष्कळदा तो हवेचा असतो.

लाकूड झाडापासून तुटले तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहते. ओल्या हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. तेही लांबीत नाही, रुंदीत. वाद्याची फळी कडेने चिकटवलेली असते. तिला आकसायला वाव मिळत नाही, म्हणून ती तडकते. पावसाळ्यात उलटे होते. फळी फुगून वर येते, तारा बोटांपासून दूर जातात, जोड सुटू लागतात. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, आणि वाद्याचे नावही ऊदच. 'अल्-ऊद' युरोपात गेला आणि तिथे त्याचा 'ल्यूट' झाला. तंतुवाद्य म्हणजे मुळात लाकूड, ही गोष्ट त्या जुन्या लोकांनी नावातच सांगून ठेवली आहे.

आता मिरजेकडे येऊ. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम आटत गेले. मिरज संस्थानात गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्ये दुरुस्तीला येत. फरीदसाहेब शिकलगार यांनी 1850 च्या सुमारास हे काम हाती घेतले आणि त्यातून सतार-तंबोऱ्याची घडण सुरू झाली, असे मिरजेत सांगतात. पुढे ही घराणी 'सतारमेकर' याच नावाने ओळखली जाऊ लागली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाल्यावर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केले. दर्ग्याच्या उरुसात आजही गाण्याची मैफल होते. तिथे जुळणाऱ्या तंबोऱ्यामागे शिकलगारांचा हुनर आहे.

या हुनराचा मोठा भाग हवेशी मुकाबला करण्याचाच आहे. पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी पिकणारे भोपळे आणून ते पूर्ण वाळवतात. तूनचे लाकूडही मुरू देतात, कारण ओल्या लाकडाचे वाद्य पुढे दगा देते. जोड सरसाचे असतात. सरस पाण्याने सुटतो; पावसात तो जपावा लागतो हे खरे, पण त्यामुळेच वाद्य न मोडता उघडून दुरुस्तही करता येते. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात देतात. लाख ओलावा पुरता थांबवत नाही, त्याचा वेग मात्र कमी करते, आणि वाद्याला खरा धोका वेगाचाच असतो. खुंटी पावसात फुगून अडकते, उन्हाळ्यात सैल होऊन घसरते; घसरू लागली की तिला खडू लावतात. आम्हां मास्तरांचा खडू असाही कामी येतो!

नागपुरात हा धडा कूलरने आणखी अवघड केला आहे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा खोली ओली करतो; कूलर बंद झाला की तीच खोली काही तासांत सुकते. लाकडाने एका दिवसात दोन ऋतू सोसायचे! गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. बाहेरून तिला पॉलिश असते, आतून लाकूड बहुधा उघडेच असते, म्हणून ती भिंतीवर टांगण्यापेक्षा पेटीत ठेवावी. उन्हाळ्यात पेटीत छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवावा, पावसाळ्यात नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. कूलरचा झोत, ऊन आणि बाहेरची भिंत टाळावी. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्रही बाजारात मिळते.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते. हातातली विद्या हातातूनच पुढे जाते. लाकूड किती वाळले हे बोटाने ओळखणारा कारीगर कोणत्याही परीक्षेला बसत नाही, म्हणून आपण त्याला शिकलेला मानत नाही. आमच्या मुलांना आम्ही तलवारींचा इतिहास आवडीने शिकवतो. तलवारीचे काम गेल्यावर त्याच हातांनी तंबोरा घडवला, हा इतिहासही त्यांना शिकवायला हवा. रोजी गेली तरी हुनर हरला नाही, हे आजच्या बेरोजगार तरुणाला दुसऱ्या कुठल्या धड्यातून इतक्या सरळ कळेल?