शिंपले आणि चिंचोके

इ. स. 1907 सालीं रोम शहरीं मारिया मोंटेसरीबाईंनीं मजूरवस्तींतील मुलांकरितां बालगृह उघडलें. मुलांच्या हातीं वस्तु देऊन शिकवावें, ही त्यांची रीत. कांहीं काळ आपल्या वऱ्हाडांत, अमरावतीस, राहिलेल्या ताराबाई मोडकांनीं ती उचलली. परंतु तीं महागडीं साधनें गरिबांनीं कोठून आणावीं? 1945 सालीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं त्यांनीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें. तेथें शिंपले, बिया व पानें हींच साधनें झालीं. त्यांतूनच मोजणी, सृष्टिज्ञान व चित्रकला. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. पुढें गुराख्यांसाठीं कुरणांतहि गेली.

पातूरच्या आमच्या उन्हाळी वर्गांत मी प्रथम खडू व फळाच घेऊन बसलों. चूक माझीच. तिसऱ्या दिवशीं निम्मीं मुलें दिसेनात. मग चिंचोके मागविले. मुलें दहादहांचे ढीग करूं लागलीं, आणि कांहीं चिंचोके भिजत घालून अंकुराची वाट पाहूं लागलीं.