जखमी बजरीगर दवाखान्यातून घरी आल्यावर...

बोरी बुद्रुक (ता. जुन्नर) : घरातला छोटा पक्षी फिरत्या पंख्याला धडकतो, मांजराच्या तावडीतून कसाबसा सुटतो किंवा पिंजऱ्याच्या दारात पाय अडकून जायबंदी होतो. घरची मंडळी धावपळ करून त्याला डॉक्टरांकडे नेतात. जखमेवर पट्टी बांधली जाते, औषधाची छोटी बाटली हाती येते आणि पक्षी घरी परततो. संकट टळले असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात पक्ष्याच्या जिवाचा निर्णय बहुतेक वेळा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, घरातच होत असतो.

कुकडी नदीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावात ही जबाबदारी आणखी वाढते. ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर साहजिकच गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांवर असतो. जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पण तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या पाळीव पक्ष्यासाठी अनेकांना पुण्याचा रस्ता धरावा लागतो. उपचार करून गावी परतल्यावर रात्री पक्ष्याची तब्येत बिघडली, तर डॉक्टर काही तासांच्या अंतरावर असतात. उपनगरात राहणाऱ्या नोकरदार कुटुंबाची स्थितीही रविवारी रात्री याहून फार वेगळी नसते. म्हणूनच घरी काय करावे, काय टाळावे आणि कोणत्या क्षणी पुन्हा निघावे, हे आधीच ठाऊक असायला हवे.

आजार लपविणारा पक्षी

आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते, ते रंगीत छोटे पोपट बहुतांशी बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, तर बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियातला. पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये हे पक्षी जिवंत स्थितीत इंग्लंडला आणले आणि तेथून ते जगभरच्या घरांत पोचले.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवर हे पक्षी थव्याने राहतात. थव्यात जो दुबळा दिसतो, त्याच्यावर शिकारी पक्ष्याची नजर आधी जाते. त्यामुळे दुखणे शक्य तितके लपविणे हा त्यांचा स्वभावच बनला आहे. घरातला बजरीगरही माणूस जवळ येताच अंग सावरून ताठ बसतो आणि दाणे टिपल्यासारखे करतो. ‘बरा दिसतो आहे’ हा अंदाज म्हणूनच फसवा ठरतो. वजन, विष्ठा आणि श्वास या तीन गोष्टी रोज तपासणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

परतीचा प्रवास

दवाखान्यातून निघताना पक्षी मोठ्या पिंजऱ्यातून नेऊ नये. गाडीच्या धक्क्यांनी तो दांडीवरून पडतो आणि ताजी पट्टी सरकते. बाजूंना हवेसाठी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा छोटा खोका पुरेसा असतो. तळाशी जुना सुती रुमाल घालावा. गुळगुळीत तळावर पाय घसरतात. अंधारात पक्षी शांत राहतो; मात्र खोका पूर्ण गुंडाळून हवा कोंडू नये. दुचाकीवरचा वारा, मोटारीतील वातानुकूलन यंत्राचा थेट झोत आणि एसटीतील इंजिनाजवळची गरम जागा, तिन्ही टाळावीत.

ऊब, अंधार आणि शांतता

निरोगी बजरीगराच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. एवढ्याशा देहात ते टिकविण्यासाठी बरीच शक्ती खर्च होते. जखमी पक्ष्याला बाहेरून ऊब मिळाली, तर हीच शक्ती जखम भरून येण्यास उपयोगी पडते. आजारी पक्ष्याभोवती साधारण २८ ते ३० अंश तापमान राखावे. साधा तापमापक खोक्यात ठेवल्यास अंदाजावर राहावे लागत नाही. डोक्याला मार लागला असल्यास किती ऊब द्यावी, हे डॉक्टरांना वेगळे विचारावे.

उष्णता नेहमी एकाच बाजूने द्यावी, म्हणजे गरम वाटल्यास पक्ष्याला दूर सरकता येते. खोक्याबाहेर सुरक्षित अंतरावर ठेवलेला कमी वॅटचा पिवळा दिवा किंवा टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी चालते. दिव्याला कापड किंवा पुठ्ठा टेकणार नाही याची खात्री करावी. हिवाळ्यात जुन्नर परिसरातील रात्री बोचऱ्या असतात आणि वीज कधीही जाऊ शकते. म्हणून गरम पाण्याची पिशवी हाताशी ठेवावीच. पक्षी पिसे फुलवून गोळा होऊन बसला, तर त्याला थंडी वाजत असते. पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, तर उष्णता जास्त झाली असे समजावे.

दांड्या काढून टाकाव्यात किंवा तळापासून बोटभर उंचीवर ठेवाव्यात. तळाशी पांढरा कागद अंथरावा. भुसा किंवा वाळू नको. ती जखमेला चिकटते आणि विष्ठाही नीट दिसत नाही. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता मिळायला हवी. जोडीदार पक्षी असल्यास त्याला वेगळ्या पिंजऱ्यात, पण आवाज ऐकू येईल इतक्या जवळ ठेवावे. एकत्र ठेवल्यास तो पट्टी व जखम टोचू शकतो.

दाणे आणि वजनकाटा

बजरीगर फार काळ उपाशी राहू शकत नाही. एक दिवसही त्याला धोक्याचा ठरू शकतो. राळे, वरी, बाजरी असे सवयीचे दाणे आणि पाणी उथळ झाकणांतून अगदी समोर ठेवावे. आजारपणात नवे खाद्य सुरू करण्याचा प्रयोग करू नये.

येथे अनेकांची एक चूक होते. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल तेथेच टाकतो. त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते. रोज दोनदा फुंकर मारून खाली दाणे उरले आहेत का, ते पाहावे. थोडी कोथिंबीर किंवा किसलेले गाजर देता येते. दूध देऊ नये, कारण पक्ष्यांना ते पचत नाही. चहा, चॉकलेट, कांदा, खारट पदार्थ आणि अव्होकॅडो कटाक्षाने टाळावेत.

स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा या काळात सर्वांत उपयोगी ठरतो. रोज सकाळी, दाणे देण्यापूर्वी, छोट्या डब्यात बसवून पक्ष्याचे वजन करावे आणि वहीत लिहून ठेवावे. पट्टीसह वजन होत असेल, तर रोज पट्टीसहच करावे. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे साडेतीन ग्रॅम कमी होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्यासारखे आहे. एवढी घट दिसण्याची वाट न पाहता, सलग दोन दिवस वजन उतरले तरी डॉक्टरांना कळवावे.

विष्ठेकडेही लक्ष हवे. नेहमीच्या विष्ठेत हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी असे तीन भाग दिसतात. पांढऱ्या कागदावर त्यांची संख्या एकदम घटली, तर खाणे कमी झाले असा अर्थ होतो. विष्ठा काळी डांबरासारखी किंवा लाल दिसल्यास ते रक्त असू शकते.

औषध देताना

पक्ष्यांना माणसाप्रमाणे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढेमागे हलवून ते श्वास घेतात. म्हणून मुठीत धरून छातीवर दाब दिला, तर नाक-तोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरतो. पातळ रुमालात त्याला अलगद घ्यावे, अंगठा व तर्जनीने डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार द्यावा आणि छाती पूर्ण मोकळी ठेवावी.

औषध सुई नसलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने, चोचीच्या कडेला, थेंबाथेंबाने द्यावे. एक थेंब गिळल्यावरच दुसरा द्यावा. घाई केल्यास औषध श्वासनलिकेत जाते. निपचित पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी किंवा पेज ओतणे याच कारणाने जिवावर बेतते. पिण्याच्या पाण्यात औषध मिसळल्यास किती पोटात गेले हे कळत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितले तरच तसे करावे. पक्षी सुधारलेला दिसला, तरी प्रतिजैविकाचा ठरलेला कालावधी पूर्ण करावा.

माणसांची किंवा गोठ्यातील जनावरांची वेदनाशामके पक्ष्याला कधीही देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाल्ल्याने भारतातील गिधाडे मोठ्या संख्येने मेली आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. एका जातीला चालणारे औषध दुसरीला विष ठरू शकते, हे त्या अनुभवाने दाखवून दिले.

घरगुती उपायांतही सावधगिरी हवी. जखमेवर हळद-तेल लावण्याची आपली जुनी सवय येथे अंगलट येते. तेल किंवा तेलकट मलम पिसांना लागले की ती चिकटतात, ऊब धरत नाहीत आणि पक्षी ते चोचीने साफ करताना गिळतो.

पट्टी सैल की घट्ट?

दिवसातून दोनदा पट्टी पाहावी. पायाची बोटे सुजली, गार पडली किंवा काळसर झाली, तर पट्टी घट्ट आहे. पंख अंगाशी बांधलेला असताना श्वासागणिक शेपूट वरखाली होऊ लागली, तर छातीवर दाब येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्वतः पट्टी कापण्याऐवजी आधी डॉक्टरांना दूरध्वनी करावा. पट्टी ओली होऊ देऊ नये. आंघोळीचे भांडे काढून ठेवावे.

पक्ष्यांची हाडे माणसाच्या हाडांपेक्षा लवकर जुळतात. साध्या अस्थिभंगास बहुधा तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. मात्र पट्टी गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली, तर पंखाचा सांधा आखडतो. पुन्हा दाखविण्याची तारीख ‘गावाहून येणे जमले नाही’ म्हणून पुढे ढकलणे त्यामुळे महागात पडते.

घरातला धूर

पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतील विषारी घटक ते झपाट्याने शोषतात. चूल, उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका आणि कीटकनाशकाची फवारणी यांपासून पिंजरा दूर ठेवावा. नॉनस्टिक तवा रिकामा अतिशय तापल्यावर निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. परसात कोंबड्या असतील, तर आजारी पक्षी त्यांच्यापासूनही वेगळा ठेवावा.

पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. घरात कुणाला ताप व कोरडा खोकला आल्यास, घरी पक्षी असल्याचे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या लक्षणांत सकाळची वाट पाहू नये

* रक्त थांबत नसेल. बजरीगराच्या अंगात एका छोट्या चमच्याहूनही कमी रक्त असते. थोडे थेंबही मोलाचे. स्वच्छ कापसाने हलका दाब देतच निघावे.
* ऊब योग्य असूनही पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल.
* तळाशी डोळे मिटून पडून असेल, झटके येत असतील किंवा मान एका बाजूला कलत असेल.
* अर्धा दिवस काहीच खाल्ले नसेल किंवा विष्ठा बंद झाली असेल.
* मांजराचा दात किंवा नख लागल्याचे नंतर लक्षात आले असेल. जखम टाचणीएवढी असली तरी मांजराच्या लाळेतील जिवाणूंमुळे रक्तात विषबाधा होते; प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हावे लागते.

पुन्हा भरारी

पट्टी निघाल्यावर लगेच उडण्याची अपेक्षा धरू नये. आठवडाभर खाली बसविलेल्या दांड्या हळूहळू उंच कराव्यात. नंतर बंद खोलीत रोज काही मिनिटे उडू द्यावे. त्यापूर्वी पंखा बंद करावा, आरसे व खिडक्यांच्या काचा झाकाव्यात आणि पाण्याची बादली हलवावी. काही पक्षी पूर्वीसारखे उडू शकत नाहीत. रुंद पिंजरा आणि जवळजवळ बसविलेल्या दांड्या मिळाल्या, तर तेही वर्षानुवर्षे आनंदाने जगतात.

बजरीगर विदेशी असल्याने तो घरी पाळता येतो. आपला राघू मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो जखमी सापडल्यास प्रथम खोक्यात, उबेत ठेवून वन विभागाला कळवावे.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात : आजचे वजन किती, औषध किती आणि किती दिवस, पट्टी केव्हा काढायची आणि रात्री गरज पडल्यास कुणाला फोन करायचा. गावाकडे परतताना हा कागद औषधाच्या बाटलीइतकाच मोलाचा असतो.