हिब्रू नावांचे उच्चार

हिब्रू नावांचे उच्चार ज्यू समाजाच्या निरनिराळ्या परंपरांत वेगवेगळ्या प्रकारे केले जातात. नावाचे हिब्रू लेखन बहुधा सर्वत्र एकच असते. भेद असतो तो वाचनात. उदाहरणार्थ, 'नातान' हे नाव आधुनिक इस्रायलमध्ये 'नातान' असे, पूर्व युरोपातील अश्केनाझी परंपरेत 'नोसोन' असे, तर येमेनी परंपरेत 'नॉथॉन'च्या जवळ जाणारे उच्चारले जाते. हे तिन्ही उच्चार आपापल्या परंपरेत शुद्ध मानले जातात.

लिपी आणि उच्चारभेद

हिब्रू लिपी मुख्यतः व्यंजनांची आहे. स्वरचिन्हांच्या पद्धती पुष्कळ नंतर, साधारणपणे इ.स. ७ व्या ते १० व्या शतकांत, सिद्ध झाल्या. त्यांपैकी तिबेरिया येथील पद्धत पुढे सर्वमान्य झाली. तोवर ज्यू समाज अनेक देशांत विखुरला होता आणि प्रत्येक ठिकाणच्या बोलीभाषेचा परिणाम हिब्रू वाचनावर होत गेला. नावांच्या दृष्टीने पुढील भेद महत्त्वाचे आहेत :

'कामात्स' हा स्वर – सेफार्दी व इस्रायली उच्चारात 'आ', अश्केनाझी उच्चारात 'ओ', येमेनी उच्चारात 'ऑ'. त्यामुळे 'दाविद'चे अश्केनाझी रूप 'दोविद' होते.

'होलाम' हा स्वर – इस्रायली 'मोशे' हे नाव पोलंडकडील ज्यू 'मोयशे', तर लिथुआनियाकडील 'मेयशे' असे म्हणत.

'ताव' हे व्यंजन – मध्यबिंदू नसलेला 'ताव' अश्केनाझी परंपरेत 'स', सेफार्दी परंपरेत 'त' होतो. इराकी व येमेनी परंपरांत तो जीभ दातांमध्ये ठेवून घर्षणाने उच्चारतात. हा ध्वनी मराठी 'थ'हून निराळा आहे. म्हणून एकाच स्त्रीनामाची 'रुस', 'रुत' आणि 'रुथ' अशी रूपे आढळतात.

'त्सादी' हे व्यंजन – अश्केनाझी व इस्रायली उच्चार मराठीतील 'चाक' या शब्दातल्या 'च'सारखा आहे. इराकी व येमेनी ज्यू त्या जागी अरबीप्रमाणे जड 'स' उच्चारतात.

'हेत' आणि 'आयिन' – अरबीभाषक प्रदेशांतील ज्यूंनी हे दोन्ही कंठ्य ध्वनी जपले. अश्केनाझी उच्चारात 'हेत'चा घर्षणयुक्त 'ख' झाला आणि 'आयिन' लोप पावला. ॲमस्टरडॅममधील स्पॅनिश-पोर्तुगीज ज्यूंच्या परंपरेत मात्र 'आयिन'चा उच्चार अनुनासिक 'ङ' असा होत असे.

आघातही निरनिराळा असतो. 'श्लोमो' या नावात इस्रायली प्रमाण उच्चारानुसार आघात अंत्य अक्षरावर येतो. अश्केनाझी 'श्लोयमे'त तो पहिल्या अक्षरावर असतो.

आधुनिक इस्रायली उच्चार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिएझेर बेन-येहुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिब्रू पुन्हा बोलभाषा करण्याचे कार्य हाती घेतले, तेव्हा सेफार्दी उच्चार प्रमाण मानला गेला. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांपैकी बहुसंख्य अश्केनाझी असल्याने आजच्या उच्चारातील स्वर सेफार्दी धर्तीचे, तर अनेक व्यंजने अश्केनाझी वळणाची आहेत. व्यक्तिनामांत जुना आघातही टिकून आहे : 'सारा' या नावात दैनंदिन बोलण्यात आघात पहिल्या अक्षरावर दिला जातो. एखादी व्यक्ती कार्यालयात 'नातान' आणि प्रार्थनेच्या वेळी 'नोसोन' असू शकते.

एका नावाची रूपे : यहेज्केल

बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याचे नाव या भेदांचे बोलके उदाहरण आहे. इस्रायली उच्चार 'येखेझ्केल' असा आहे. यिडिश बोलणाऱ्या घरांत त्याचे 'खास्कल' झाले. बगदादी ज्यूंमध्ये 'हेस्केल' हे रूप रूढ होते. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून हेस्केल यांच्या नावात ते दिसते. ग्रीक लिपीत 'हेत'साठी अक्षर नसल्याने भाषांतरात तो ध्वनी गळाला आणि त्यातून इंग्रजी 'इझिकेल' हे रूप आले.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायली समाजात नावांना 'जी' जोडण्याची रीत होती. मुंबईतील 'शाआर हाराहामिम' हे सिनेगॉग १७९६ मध्ये स्थापन करणारे सामाजी हसाजी दिवेकर यांचे नाव शमुवेल यहेज्केल असे होते. 'दिवेकर' हे आडनाव गावावरून आले आहे. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर या समाजात इंग्रजी रूपे रुळली. याच समाजातील इंग्रजी कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांचे आडनाव म्हणजे 'हसाजी'चेच दुसरे रूप होय.

धार्मिक आणि कायदेशीर महत्त्व

सिनेगॉगमध्ये तोरावाचनासाठी पुरुषाला 'अमुक बेन अमुक', म्हणजे अमुकाचा मुलगा अमुक, असे पुकारले जाते. येथे उच्चार स्थानिक परंपरेनुसार झाला तरी चालते. घटस्फोटपत्रात, म्हणजे 'गेट'मध्ये, मात्र नावाची चूक गंभीर ठरते. पत्र सदोष ठरल्यास ज्यू धर्मशास्त्रानुसार स्त्री विवाहबंधनातच राहते आणि तिला पुनर्विवाह करता येत नाही. मनुष्य एका गावी एका, तर दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने ओळखला जात असे. त्यातून उद्भवणारी अडचण टाळण्यासाठी पहिल्या शतकात ज्येष्ठ रब्बान गमलिएल यांनी पत्रात व्यक्तीच्या सर्व नावांचा समावेश करण्याचा नियम घातला. तो मिश्नाच्या 'गिट्टिन' या प्रकरणात नोंदलेला आहे.

बायबलमधील नाव उच्चार कोणताही असला तरी मूळ हिब्रू वर्णांनीच लिहिले जाते. यिडिश, अरबी वा अन्य भाषांतील नावे मात्र उच्चारानुसार हिब्रू लिपीत लिहावी लागतात. त्यामुळे अशा नावांच्या वर्णलेखनावर रब्बींनी स्वतंत्र ग्रंथ रचले.

मराठीतील लेखन

मराठी बायबलमधील मोशे, याकोब, इसहाक, शलमोन ही रूपे इंग्रजी 'मोझेस', 'जेकब', 'आयझॅक', 'सॉलोमन' यांपेक्षा हिब्रूला अधिक जवळची आहेत. बायबलमधील व्यक्तींसाठी मराठीत तीच रूढ आहेत. अर्वाचीन व्यक्तींच्या बाबतीत ती व्यक्ती किंवा तिचा समाज ज्या उच्चाराने नाव घेतो, तोच देवनागरीत लिहिणे उचित ठरते. सगळी नावे इस्रायली प्रमाणरूपात बदलल्यास त्या व्यक्तीच्या परंपरेची खूण पुसली जाते.