बेगमी आणि देणं

मागच्या मार्चअखेर वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता खात्यात जमा झाला आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरात वाद झाला. बहिणीच्या लग्नासाठी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज अजून फिटायचं आहे, व्याज शेकडा तेरा. माझा विचार सरळ होता. आलेली सगळी रक्कम तिथं भरायची आणि डोकं थोडं हलकं करायचं. अम्मी म्हणाली, "पैले कोठी भर. कर्जा कां भाग के जारा?"

मी तिला समजावू लागलो की कोपऱ्यावर दुकान आहे, रेशन आहे, मागवलं तर धान्य दारात येतं. कोठीतल्या ज्वारीला व्याज मिळत नाही, किडा मात्र लागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बहात्तरचं नाव काढलं. तिचं माहेर कर्जत तालुक्यातलं, आमच्या नगर जिल्ह्यातलं. १९७२च्या दुष्काळात ती अकरा-बारा वर्षांची होती आणि आपल्या आईबरोबर खडी फोडायला जायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, या दोन गोष्टींची चव तिच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. तिच्यापुढं माझं तेरा टक्क्यांचं गणित तोकडं पडलं. पण मी शिक्षक माणूस, हरलेला वाद पुस्तकात शोधायची मला खोड आहे.

सुरुवात शब्दापासून करतो. मराठीत वर्षाचं धान्य भरून ठेवण्याला 'बेगमी' म्हणतात. उर्दू शिकवणाऱ्याला त्यात लगेच 'बे' आणि 'गम' दिसतात. ज्याला चिंता नाही तो बेगम, आणि ती निश्चिंती म्हणजे बेगमी. घरातल्या राणीशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे वर्गात दर वर्षी सांगावं लागतं. गंमत अशी की समोरच्या बाजूचे शब्दही त्याच वाटेनं आले आहेत. कर्ज, बाकी, वसूल, जप्ती, मुदत, खत, सगळे अरबी-फारसीतून आलेले. शेतकऱ्याच्या वाड्यात हे दोन्ही प्रकारचे शब्द शेजारी शेजारी नांदले, आणि त्यांचं भांडण आमच्या घरातल्या वादापेक्षा बरंच जुनं आहे.

ते सर्वांत उघड झालं १८७५ साली. १२ मे रोजी सुपे या बाजारपेठेच्या गावात (आज ते बारामती तालुक्यात येतं) शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. वह्या आणि कर्जरोखे मागितले, मिळाले ते जाळले, आणि धान्याची दुकानं लुटली. तिथून हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूरकडं आणि आमच्या बाजूला पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जतपर्यंत पसरलं. ९५१ माणसांना अटक झाली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालातली एक नोंद फार बोलकी आहे. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथं पुढं फारशी आगळीक झाली नाही. लोकांना कागद हवे होते.

दंगलीची कारणं शाळेच्या पुस्तकात असतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं १८६१ नंतर इथल्या कापसाला भाव आला, उधारी सैल झाली. १८६५ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्याच सुमारास नव्या आकारणीत शेतसारा काही ठिकाणी दीडपट ते दुपटीपर्यंत गेला. सावकारानं हात आखडला. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांचा केला होता तो शेतकऱ्याला आधार म्हणून. सावकारानं दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण आयोगापुढं आलं होतं. १८७४च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला, त्यामागं दीडशे रुपयांच्या देण्यापायी निघालेला हुकूमनामा होता.

हे सगळं खरं, पण मला त्यातली धान्याची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ती पुस्तकात एका ओळीत उरकली जाते.

त्या काळी दख्खनच्या गावात ज्वारी पेवात ठेवत. गावातल्या घट्ट, कोरड्या जमिनीत खणलेला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून कडब्याचं नाहीतर भुशाचं अस्तर, वरून मातीनं लिंपलेलं तोंड. ओल शिरली नाही तर ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून बघायचा. आत कोंडलेल्या हवेनं माणसं मेली आहेत. रोजच्या खाण्यासाठी घरात शेणामातीनं सारवलेली कणगी असे. आज पेव कुणी पाहिलेलं नसतं, तरी कशाचंही 'पेव फुटलं' असं आपण बिनदिक्कत म्हणतो.

आता कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं पेव बघा. सुगी झाली की धान्य थेट सावकाराच्या दारी जाई. ते किती रुपयांचं धरायचं हे सावकार ठरवी, पावती देत नसे, कधी वहीत जमाच करत नसे. मग आषाढ-श्रावणात तोच शेतकरी त्याच दारी खायला ज्वारी मागायला येई, आणि ती नव्या भावानं त्याच्या नावे लिहिली जाई.

हिशेब मांडून बघू. आकडे माझे, नुसते समजण्यापुरते. सुगीत ज्वारी रुपयाला मण आहे. शेतकऱ्यानं घरखाण्यातली आठ मण देऊन आठ रुपये कर्ज फेडलं. व्याज शेकडा चोवीस असेल तर सहा महिन्यांत त्याचा एक रुपया वाचला, तोही पुरता नाही. पावसाळ्यात तीच आठ मण ज्वारी दीड रुपये भावानं परत आणली की वहीत बारा रुपये चढले. रुपया वाचवायला चार रुपये गेले. धान्य वाढीदिढीनं उसनं आणलं तर पुढच्या सुगीत आठाचे बारा मण घालायचे, म्हणजे पुन्हा तेच. 'आधी कर्ज फेड' हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण घरखाण्यातलं धान्य देऊन कर्ज फेडणारा त्या कर्जात आणखी खोल जात होता. चुकार शेतकरी, उधळा शेतकरी, लग्नात पैसा उडवणारा शेतकरी हे त्या काळच्या साहेबांचं आवडतं बोलणं होतं. लग्नात खर्च होत नव्हता असं मी म्हणत नाही (आमच्या घरचं उदाहरण वर दिलंच आहे), पण वरचं गणित लग्नाशिवायही असंच येतं.

इथं एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायला हवी. सावकार म्हटलं की विशिष्ट जातीचा माणूस डोळ्यांसमोर आणायची सवय आपल्यालाही आहे. मराठीत 'पठाणी व्याज' हाही शब्द आहे, आणि तो कुणी उगाच बनवलेला नाही.

दंगलीनंतर वर्षभरात, १८७६ला, पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, विजापूरकडचा सगळा पट्टा करपला. माणसं गुरं घेऊन वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलखात गेली. दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून पुरुषाला रोज एक रतल धान्य आणि वर एक आणा एवढी केली. दिवसभर माती उपसणाऱ्याला अर्धा किलोसुद्धा धान्य नाही. मजूर कामं सोडून निघाले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं आवाज उठवला. ज्याचं मागच्या सुगीचं धान्य वहीत जमा होऊन गेलं होतं, त्याच्या पेवात या वर्षासाठी काय असणार होतं?

१८७९ला दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, देणं हप्त्यांनी बांधून देता येऊ लागलं. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली, तो वेगळा विषय. मला थांबवलं ते नंतरच्या एका कलमानं. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, जी आजही चालू आहे, बियाणं आणि शेतीची अवजारं जप्तीतून वगळली आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच्या लगेच पुढचं कलम ६१ सरकारला असा अधिकार देतं की पुढचं पीक येईपर्यंत शेत कसायला आणि कर्जदाराचं कुटुंब जगायला लागेल एवढं शेतातलं उत्पन्न जप्तीतून मुक्त करावं. पुढचं पीक येईपर्यंत. अम्मीच्या कोठीचं मापही तेवढंच आहे.

हदीसच्या संग्रहांत दोन रिवायती आहेत, मी त्या आजवर वेगवेगळ्या वाचल्या होत्या. एकीत हजरत पैगंबर (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षाचं अन्न बाजूला ठेवत असत असं येतं. दुसरीत येतं की त्यांची वफात झाली तेव्हा त्यांचं चिलखत मदिनेतल्या एका ज्यूकडं तीस साअ जवांसाठी गहाण होतं. तीस साअ म्हणजे पाऊणशे ते नव्वद किलो. वर्षाची बेगमी आणि अंगावरचं देणं, दोन्ही एकाच घरात. त्याच संग्रहांत, ऐपत असताना देणं लांबवणं हा जुलूम आहे, हेही आहे. म्हणून अम्मीची यादी ज्वारी-गव्हावर थांबली नाही, तेलाचे डबे आणि दोन वर्षांची तूरडाळ अशी वाढत गेली, तेव्हा मी अडून बसलो. पुढच्या सुगीच्या पलीकडचा साठा हे पतसंस्थेचे पैसे आहेत, असं माझं मत आहे. ती म्हणाली, लॉकडाऊनमध्ये याच कोठीनं शेजारची दोन घरं खाल्ली. ते खरं होतं.

एप्रिलमध्ये दोन क्विंटल ज्वारी, एक क्विंटल गहू आणि वर्षाची डाळ घेतली. उरलेली रक्कम, म्हणजे निम्म्याहून जास्त, कर्जात भरली. श्रावणात बाजारभाव पाहिला तर ज्वारी किलोमागं सहा रुपयांनी चढली होती. दोन क्विंटल सगळी तेव्हा थोडीच घ्यायची होती, महिन्याला थोडी थोडी लागली असती. तसा हिशेब केला तर वाचलेले पैसे आणि त्या रकमेवर भरलेलं व्याज जवळपास बरोबरीत सुटतात. अम्मीला मी हे सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. पतसंस्थेचे अकरा हप्ते राहिले आहेत. परवा ऊन चांगलं होतं, तर तिनं ज्वारी गच्चीवर पसरायला मलाच वर पाठवलं.