सिस्टरचा नंबर

घाटकोपर किंवा मुलुंड स्टेशनबाहेरच्या जुन्या गल्लीत एखादं नर्सिंग होम सापडतंच. खाली मेडिकल, वर सोसायटी, मधल्या मजल्यावर दहा-बारा खाटा. पाटीवर डॉक्टरांच्या डिग्र्या ठळक असतात. आत पांढऱ्या एप्रनमध्ये धावपळ करणाऱ्या मुलीला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. ती रजिस्टर्ड नर्स आहे, की बघून बघून सलाईन लावायला शिकलेली बारावी पास मुलगी, हे पेशंटला कळत नाही आणि तो विचारतही नाही. रजिस्टर्ड म्हणजे जिच्याकडे परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ती. ही गोष्ट त्या नंबरची आहे.

कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडलं. मुंबईत नर्सिंगच्या शिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय बाई म्हणून पाठ्यपुस्तकांत बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं, साल १८९१. त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. त्या काळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढणं, रात्री घराबाहेर राहणं, यातली एकेक गोष्टसुद्धा घरातून नाव टाकायला पुरेशी होती. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं केलं आणि तिथल्या मुलींना, विधवांनाही, ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. हे धाडस आज आपल्या लक्षातही येत नाही. शिकवणारी शाळा निघणं एक वेळ सोपं; मुलीला तिथे पाठवायला घरच्यांना राजी करणं अवघड.

शिकल्यावर हातात काय? हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणि मेट्रनची मर्जी. सरकारी नोंदवहीत नर्सचं नाव असावं, असा कायदा न्यूझीलंडने १९०१ साली केला. ब्रिटनमध्ये यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि गंमत म्हणजे नोंदणीच्या विरोधात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. चांगली नर्स यादीवरून ओळखता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. यादीवरून चांगली नर्स कळत नसेल, पण यादी नसेल तर वाईट मालकाला रान मोकळं मिळतं. ब्रिटनचा कायदा १९१९ साली झाला, मुंबई प्रांताचा १९३५ साली. नोकरी बदलली, लग्न झालं, गाव बदललं, तरी नंबर बाईचाच राहू लागला.

पण नंबरवाल्या होत्या किती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशेब आहे: देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स. मग १९४९ साली मुंबईचा नर्सिंग होम नोंदणी कायदा आला. नर्सिंग होममध्ये पात्र नर्सचं ‘योग्य प्रमाण’ हवं, नसेल तर नोंदणी नाकारता येईल, असं त्यात लिहिलं होतं. किती खाटांमागे किती, हा आकडा त्या कलमात नव्हता. पुढच्याच वर्षी अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेत आले. १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड. वस्ती भराभर वाढली, मोठी हॉस्पिटलं मागून आली. मधली जागा याच मधल्या मजल्यांनी भरली, आणि ‘योग्य’ म्हणजे काय ते ज्याच्या त्याच्या गल्ल्यावर ठरलं.

माझी मावसबहीण जीएनएम आहे, अंधेरीच्या अशाच एका मजल्यावर काम करते. तिच्यापुढचे रस्ते मोजकेच. सरकारी अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. पुढे परिसेविका, मग अधिसेविका. पण जागा निघतील तेव्हा. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, तो कायम जागा कंत्राटदारामार्फत भरू नयेत म्हणूनच. खासगीसाठी सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली: पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० पगार, दोनशेच्या वर असतील तर सरकारी नर्सइतका. शिफारसच ती. बहिणीला अजून वीस मिळत नाहीत.

म्हणून ती जर्मन शिकते. महाराष्ट्राने २०२४ साली बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू पातळीची भाषा लागते. सकाळच्या बोरिवली-अंधेरी लोकलमध्ये, दाराशेजारी उभं राहून, ती फोनवर शब्द पाठ करते.

अडचण भाषेची नाही. कामावर घेताना तिची मूळ सर्टिफिकेटं डॉक्टरांनी ‘सांभाळायला’ ठेवून घेतली होती. दोनदा मागितली. “देतो गं, पळून चाललीयस का?” असं म्हणाले. परवा तिने रीतसर अर्ज लिहिला. दोन प्रती काढल्या, एकीवर पोचीची सही मागितली. अर्जाच्या शेवटी तिने आपलं नाव लिहिलं आणि त्याखाली नोंदणी क्रमांक. तिथे काम करून चार वर्षं झाली. तो आकडा तिथल्या कागदावर तिने पहिल्यांदाच लिहिला.