बॅकहँडचा खर्च कोण करतं?

६ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिक, महिला दुहेरीची पहिली फेरी. जाळ्याच्या एका बाजूला चीनच्या पेंग श्वाई आणि चांग श्वाई. दुसऱ्या बाजूला सानिया मिर्झा आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली होती, प्रार्थना दोनशेच्याही पुढे. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला. दुसरा भारतीय जोडीने ७-५ असा खेचून आणला. तिसरा चीनच्या जोडीने घेतला, तोही ७-५ असाच. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती सानियाने जोडीदार बरोबर निवडली की नाही, याची.

मला त्या सामन्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या कोर्टवर पोहोचायला प्रत्येकीला दहा-पंधरा वर्षं लागली होती, आणि त्या वर्षांचा खर्च कुणीतरी केला होता. चीनमध्ये तो सरकारने केला. आपल्याकडे?

आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात, शेणव्यासारख्या गावात मुलगी मैदानात उतरते ती कबड्डी किंवा खो-खोसाठी. मैदान असलं, शिक्षक उत्साही असले की खेळ सुरू होतो. टेनिसला आधी कोर्ट लागतं, मग रॅकेट, तिच्या तारा, चेंडू, प्रशिक्षक. हे सगळं जमलं तरी खरा खर्च पुढेच असतो, तो प्रवासाचा. म्हणून टेनिसच्या इतिहासात कोण जिंकलं याच्याइतकंच पैसे कुणी भरले हेही बघावं लागतं.

आपल्याकडे तो इतिहास एका विलक्षण घरापासून सुरू करता येतो. शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातले मोठे संस्कृत पंडित. अथर्ववेदाचं संपादन त्यांनी केलं, आणि तुकोबांच्या गाथेची प्रसिद्ध ‘इंदुप्रकाश’ आवृत्तीही. त्यांची मुलगी क्षमा १८९० मध्ये पुण्यात जन्मली. वडील गेले तेव्हा ती अगदी लहान होती. मुंबईतले नामवंत डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचं लग्न झालं, आणि पुढे ती पंडिता क्षमा राव झाली. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत महाकाव्य लिहिलं. ते १९३२ मध्ये पॅरिसमध्ये छापलं गेलं. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं त्यांनी संस्कृत पद्यात रचली. आणि या बाई टेनिसही खेळायच्या! शाळेच्या पुस्तकात हे दोन तपशील कधी एकाच पानावर येत नाहीत.

त्यांची मुलगी लीला राव, जन्म १९११. १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत तिने इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला तीन सेटमध्ये हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. (तिथे खेळणारी पहिली मात्र कलकत्त्याची जेनी सँडिसन, १९२९ ची.) दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इदा आदामॉफने लीलाला हरवलं, तेही तीन सेटमध्ये. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. देशातली सर्वोच्च स्पर्धा तिने अनेकदा जिंकली. नंतर राजनैतिक अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी तिचं लग्न झालं. आईसारखाच तिचाही ओढा संस्कृत लेखनाकडे आणि नाट्याकडे होता.

त्या काळी टेनिस हौशी खेळाडूंचं होतं. विम्बल्डन जिंकलं तरी बक्षिसाची रक्कम शून्य, आणि इंग्लंडला जायचं तर बोटीने, आठवड्यांच्या तयारीने. म्हणजे खेळायचं असेल तर घरात पैसा हवा, आणि मुलीला खेळायला पाठवणारी आईही हवी. लीलाकडे दोन्ही होतं. यात तिचं कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. पण त्याच वयाची, तितकीच चपळ, डॉक्टरच्या बंगल्याऐवजी चाळीत जन्मलेली मुलगी या इतिहासात येऊच शकत नव्हती, हे विसरून चालणार नाही.

१९६८ मध्ये विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंसाठी खुलं झालं. त्या वर्षी विजेत्या बिली जीन किंगला ७५० पौंड मिळाले, पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला २,०००. १९७० मध्ये बिली जीनसह नऊ बायकांनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून स्वतःची स्पर्धामालिका उभी केली, आणि १९७३ मध्ये त्यांची डब्ल्यूटीए ही संघटना आली. आता खेळून पोट भरता येणार होतं. पण पोट भरेल अशा जागी पोहोचेपर्यंत काय? या व्यावसायिक युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना भारतीय स्त्रीने पहिल्यांदा जिंकला तो १९९८ मध्ये, निरुपमा वैद्यनाथनने, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये. लीला रावच्या विजयानंतर ६४ वर्षांनी.

चीनने हा मधला रस्ता सरकारी पैशाने बांधला. ली ना १९८२ मध्ये वुहानला जन्मली. आधी तिला बॅडमिंटनला घातलं होतं. मनगटाऐवजी खांद्यातून फटके मारते म्हणून लहानपणीच टेनिसकडे वळवलं. मग हुबेई प्रांताचा संघ, वसतिगृह, दिवसभर सराव, प्रशिक्षकाची सततची हजेरी. ती चौदा वर्षांची असताना वडील वारले. राष्ट्रीय संघातल्या जाचाला कंटाळून २००२ मध्ये तिने खेळ सोडला आणि विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेली. २००४ मध्ये परतली आणि त्याच वर्षी क्वांगचौला डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली. तोवर कुठल्याच चिनी बाईला एकेरीत हे जमलं नव्हतं.

सरकार खर्च करत होतं, तशी वसुलीही करत होतं. बक्षिसातला सुमारे ६५ टक्के वाटा यंत्रणेकडे जायचा. प्रशिक्षक कोण, स्पर्धा कुठली, जोडीदार कोण, हेही वरून ठरायचं. बीजिंग ऑलिम्पिकनंतर ली ना, पेंग श्वाई, चेंग चिए आणि यान झी या चौघींना स्वतंत्रपणे खेळायची मुभा मिळाली. चिनी भाषेत त्याला ‘दान फेई’ म्हणतात, म्हणजे एकट्याने उडणं. आता वाटा ८ ते १२ टक्क्यांवर आला, पण प्रशिक्षक आणि प्रवास यांचा खर्च स्वतःचा. ली नाने २०११ मध्ये फ्रेंच ओपन जिंकलं, २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन, आणि जागतिक क्रमवारीत दुसरी आली. हे यश सरकारी यंत्रणेचं की तिच्यातून बाहेर पडण्याचं, यावर वाद होतात. मला वाटतं, पंख यंत्रणेनेच दिले होते, पण पिंजऱ्याचं दार उघडल्याशिवाय ते कुणाला दिसले नसते.

आणि दार उघडलं तरी अंगण मालकाचंच राहतं. रिओला प्रार्थनासमोर खेळलेली पेंग श्वाई २०१४ मध्ये दुहेरीत जगात पहिली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने चीनच्या एका माजी उपपंतप्रधानांवर लैंगिक बळजबरीचा आरोप करणारी पोस्ट टाकली. थोड्याच वेळात पोस्ट गायब झाली आणि काही आठवडे तीही दिसेनाशी झाली. पुढे तिने आपण असा आरोप केलाच नव्हता, असं सांगितलं. डब्ल्यूटीएने चीनमधल्या स्पर्धा थांबवल्या. २०२३ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या.

महाराष्ट्रात असा पिंजराही नाही आणि दाणापाणीही नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, स्पर्धा भरू लागल्या. पण मुलीच्या रोजच्या सरावाचा भार घरावरच राहिला. आंतरराष्ट्रीय टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत बक्षिसाची एकूण रक्कम १५ हजार डॉलर असते, आणि ती एकेरी-दुहेरीतल्या सगळ्यांत वाटली जाते. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यात विमानाचं तिकीट तरी निघेल का? शिवाय क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळून जातात. दुखापतीने घरी बसलात की शिडी आपोआप खाली सरकते.

म्हणून आपल्या मुलींनी आपापल्या वाटा शोधल्या. प्रार्थना हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली. दोघींनी २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकलं. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले, वडील पोलीस खात्यात, अमेरिकेला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि तिथल्या संघातून खेळली. अमेरिकन विद्यापीठात खेळाडूला शिक्षण, प्रशिक्षक, व्यायामशाळा आणि सामने एकाच छताखाली मिळतात. जे काम वुहानमध्ये प्रांतिक संघ करतो, ते ऋतुजासाठी टेक्सासच्या एका विद्यापीठाने केलं. मध्यमवर्गीय मराठी घराला परवडणारं याहून चांगलं उत्तर मला तरी दिसत नाही. त्यात एकच मेख आहे. व्यावसायिक टेनिसमध्ये वर चढायची ऐन विशीची वर्षं कॉलेजच्या सामन्यांत जातात.

३० सप्टेंबर २०२३. या वेळी चीनच्याच भूमीवर, हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा आणि ऋतुजा, समोर चायनीज तैपेईची जोडी. पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा आला, आणि निर्णायक टायब्रेक त्यांनी १०-४ असा जिंकला. सुवर्णपदक. त्याच स्पर्धेत महिला एकेरीचं सुवर्ण चीनच्या चेंग छिनवेनने जिंकलं आणि रौप्यही चीनकडेच गेलं. एकेरीच्या त्या निकालाने पॅरिस ऑलिम्पिकचा रस्ता उघडत होता. चेंग तिथे गेली आणि तिथलंही सुवर्ण घेऊन आली.

मिश्र दुहेरीच्या सुवर्णाने ऑलिम्पिकचं तिकीट मिळत नव्हतं. आशियाई स्पर्धेच्या पदकाला डब्ल्यूटीएच्या क्रमवारीत एकही गुण नसतो. श्रीरामपूरला सुवर्णपदक आलं, आणि त्या पदकाने ऋतुजाची क्रमवारी एका अंकानेही हलली नाही.